चिपच्या पाकिटावर जे छापत नाहीत



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठे विषय शोभतात. मी मात्र नखाएवढ्या वस्तूवर बोलणार आहे. लांबी पंधरा मिलिमीटर, रुंदी अकरा, जाडी एक. बाजारात तिला मेमरी कार्ड म्हणतात, आपल्याकडे नुसतं ‘चिप’. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे ते सर भौतिकशास्त्र शिकवत आणि वस्तू समोर नसेल तर धडा सुरू करत नसत. म्हणून या टेबलावर मी काही पाकिटं मांडली आहेत. कार्यक्रम संपला की हातात घेऊन बघा, वाचण्याचा प्रयत्न करा. चष्मा असेल तर लावा, नसेल तर शेजाऱ्याचा मागा.

त्यातलं एक मी मोठ्याने वाचतो. ‘मायक्रो एसडी’, त्याखाली ‘एक्ससी’. शेजारी एक रोमन आकडा, एक. मग इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १०. मग यू अक्षराच्या पोटात ३. मग व्ही ३०. मग ए २. त्याखाली सगळ्यांत मोठ्या टायपात ‘६४ जीबी’, आणि तितक्याच दिमाखात ‘सेकंदाला १५० एमबीपर्यंत’. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द तेवढा बारीक.

आता याचा अर्थ. सी-१० म्हणजे कार्डावर सलग लिहिताना वेग सेकंदाला दहा मेगाबाइटच्या खाली जाणार नाही. यू-१ म्हणजे? तेच, दहा. यू-३ म्हणजे तीस, आणि व्ही ३० म्हणजेही तीस. म्हणजे या एका पाकिटावर वेगाची एकच हमी दोनदा छापली आहे आणि तिसऱ्यांदा जुन्या, कमी आकड्याने छापली आहे. गिऱ्हाईक १०, ३ आणि ३० बघतो आणि यातलं मोठं कोणतं, असं विचारतो. दुकानदार सांगतो, ‘टेन सगळ्यात भारी.’ रोमन एकचा तर वेगाच्या हमीशी संबंधच नाही. कार्ड आणि यंत्र यांच्यातल्या जोडणीची ती जात आहे. रोमन दोनच्या कार्डाला मागे संपर्कबिंदूंची दुसरी ओळ असते, एवढं बघून ते ओळखता येतं. ए २ मोबाइलमधल्या अ‍ॅपसाठी असतं, बारीकसारीक नोंदी कार्ड किती चटकन वाचतं आणि लिहितं त्याचं. आणि १५० हा वाचण्याचा वेग आहे, लिहिण्याचा नाही.

ही सारी चिन्हं खोटी नाहीत. एसडी असोसिएशन ही संस्था २००० साली स्थापन झाली. कॅमेरे बदलले तशी प्रत्येक पिढीने आपली खूण आणली आणि आधीच्या पिढीची काढली नाही. परवान्याने लावलेली चिन्हं आहेत. माझी तक्रार वेगळी आहे, तिच्याकडे येतो. पण आधी या घोटाळ्याची किंमत आपल्या चंद्रपूरच्या जंगलात काय पडते ते सांगतो, कारण पाकिटावरच्या ज्या खुणेकडे कुणीच बघत नाही तीच इथे महाग पडते.

ती खूण म्हणजे एचसी आणि एक्ससी. दोन ते बत्तीस जीबीचं कार्ड एचसी, त्याच्या वर दोन टीबीपर्यंत एक्ससी. दिसायला जुळी भावंडं. पण आतली मांडणी निराळी. एचसीमध्ये फॅट-३२ नावाची नोंदपद्धत, एक्ससीमध्ये एक्सफॅट. जंगलात झाडाला बांधतात ते कॅमेरा ट्रॅप बरेचदा जुन्या घडणीचे असतात आणि त्यातले पुष्कळ बत्तीसच्या पुढचं कार्ड ओळखत नाहीत. खरेदी करणाऱ्या बाबूला वाटतं, चौसष्ट तर आणखी चांगलं, शिवाय व्ही ३० लिहिलंय. ट्रॅप कॅमेऱ्याला व्ही ३० चं काही देणंघेणं नसतं. प्राणी समोरून गेला की तो दोनचार फोटो काढून गप्प बसतो. सी-१० त्याला पुरून उरतं. म्हणजे नको त्या चिन्हासाठी पैसे मोजले आणि हव्या त्या चिन्हाने दगा दिला.

दगा म्हणजे काय, ते मोजायला आकडे आहेत. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो काढले, आणि त्यांत वाघाचे निघाले ७६,६५१. हा विक्रम गिनेस बुकात नोंदला गेला. २०२२ मध्ये ठिकाणं ३२,५८८ झाली, फोटो पावणेपाच कोटींच्या घरात गेले आणि वाघाचे फोटो ९७,३९९. महाराष्ट्राचे वाघ त्या गणनेत ४४४. आणि हे चंद्रपूर आहे, तेव्हा त्यातला आपला वाटा किती मोठा ते मी सांगायला नको. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. एका कॅमेऱ्याचं कार्ड मुकं निघालं की त्या वाघाची एक कूस हिशोबातून जाते. महिनाभराने वनरक्षक पायी जाऊन कॅमेरा उघडतो तेव्हा हे कळतं. तोवर महिना गेलेला असतो.

आता तक्रारीकडे येतो. पाकिटावर वेगाची चार-पाच चिन्हं आहेत. पण हे कार्ड खरं आहे का? हे हरवलं तर आतलं कोण वाचू शकेल? पुसलं तर खरंच पुसलं जाईल का? उद्या न्यायालयात हेच ते कार्ड असं मला सिद्ध करता येईल का? या चार प्रश्नांना पाकिटावर एकही चिन्ह नाही. आणि वाईट म्हणजे, ज्या खुणा सुरक्षिततेच्या वाटतात त्या दोन्ही दुसऱ्याच कशाच्या आहेत.

पहिली खूण, नाव. एसडी म्हणजे सिक्युअर डिजिटल. १९९९ च्या ऑगस्टमध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता म्हणजे आताची पॅनासोनिक, आणि तोशिबा या तिघांनी हे कार्ड जाहीर केलं. तेव्हा गाणी विकणाऱ्या कंपन्यांना एमपी-३ ची धास्ती बसली होती. एकाने विकत घेतलेलं गाणं शंभर जणांना फुकट जाऊ नये म्हणून कार्डात एक कुलूप घातलं गेलं. त्याला सीपीआरएम म्हणतात, आणि ते इंटेल, आयबीएम, मात्सुशिता आणि तोशिबा या चौघांनी मिळून घडवलं होतं. नावातली सुरक्षितता ती आहे. ती गाण्याच्या मालकाची, कार्डाच्या मालकाची नव्हे. तुमच्या लेकीच्या लग्नाचे फोटो त्या कुलपात कधीच नसतात. कार्ड कुठल्याही संगणकात घाला, उघडतं. जाता जाता सांगतो, एसडीच्या चिन्हातल्या डी अक्षराच्या पोटात एक चकती दिसते. कार्डात चकती कुठून आली? तोशिबाने ते चिन्ह मुळात सुपर डेन्सिटी डिस्क नावाच्या चकतीसाठी केलं होतं. १९९५ मध्ये प्रतिस्पर्ध्यांशी तडजोड होऊन डीव्हीडी आली आणि चिन्ह बेकार पडलं. चार वर्षांनी ते कार्डाच्या माथी मारलं. इतक्या निष्काळजीपणे निवडलेल्या चिन्हाकडून अर्थाची अपेक्षा किती ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

दुसरी खूण, कडेची खटकी. मोठ्या आकाराच्या एसडी कार्डावर डाव्या अंगाला एक पांढरी खटकी असते, शेजारी ‘लॉक’ असं लिहिलेलं आणि बाण. पुष्कळांचा समज असा की खटकी खाली केली म्हणजे कार्ड कुलूपबंद झालं. वाचण्याला तर तिने काहीच अटकाव होत नाही. लिहिणंसुद्धा ती स्वतः अडवत नाही. ती कार्डाच्या आतल्या कशालाही जोडलेली नसते. यंत्राने ती कुठे आहे ते बघायचं आणि सभ्यपणे लिहायचं थांबायचं, असा करार आहे. करार न पाळणारं यंत्र असेल तर खटकी आपल्या जागी आणि लिखाण आपल्या जागी. कार्डाला खरा पासवर्ड लावायची सोय मूळ तपशिलात आहे. तुमच्यापैकी ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे नोकियाचे फोन वापरले त्यांना ‘मेमरी कार्ड पासवर्ड’ हा पर्याय आठवेल. ती सोय आज फारसं कुणी देत नाही आणि तिचं चिन्ह कधी निघालंच नाही.

नकली मालाचं बघू. चंद्रपूरच्या गोल बाजारापासून आठवडी बाजारातल्या चादरीवरच्या दुकानापर्यंत दोन शब्द चालतात: ‘ओरिजिनल’ आणि ‘लोकल’. लोकल म्हणजे स्वस्त, हे कबूल असलेला माल. त्याची मला काळजी नाही. काळजी तिसऱ्याची आहे, जो ओरिजिनलच्या पाकिटात येतो. छपाई ही जगातली सर्वांत स्वस्त नक्कल आहे. चिन्हांची गर्दी जितकी जास्त, तितकी ती तपासायची सवय कमी. सी-१०, यू-३, व्ही ३० असं सगळं लिहिलेलं दिसलं की डोळा समाधानी होतो. मला तर वाटतं, या गर्दीचा फायदा नक्कल करणाऱ्याला सर्वांत जास्त झाला.

नकली कार्ड करतात कसं? आठ जीबीची स्वस्त चिप घेतात. कार्डात एक छोटा नियंत्रक असतो, त्याला खोटं बोलायला शिकवतात. कुणी विचारलं, ‘तुझी क्षमता किती?’ तर चौसष्ट सांग. संगणक विश्वास ठेवतो. पहिले आठ जीबी नीट भरतात. त्यापुढचं लिखाण एकतर हवेत जातं किंवा वळसा घेऊन पहिल्या जागेवरच येतं. पंचेचाळीस आसनांच्या एसटीत कंडक्टरने तीनशे तिकिटं फाडावीत आणि नवा प्रवासी चढला की जुन्याला मागच्या दाराने मुकाट्याने उतरवावं, तसं. यादीत सगळ्यांची नावं असतात. फाइल उघडायला गेलं की मगच कळतं, आत कोणी नाही. इथे एक खुलासा, कारण यावरून भांडणं होतात. चौसष्टच्या अस्सल कार्डावर संगणक एकोणसाठ दाखवतो. ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

२००९-१० च्या सुमारास अँड्र्यू ह्युआंग नावाच्या अभियंत्याच्या हाती, ‘बनी’ या टोपणनावाने तो ओळखला जातो, नामवंत छापाची काही कार्डं सदोष लागली. त्याने चीनच्या बाजारातून आणखी नमुने आणले, प्लॅस्टिक विरघळवून आतल्या चिप बघितल्या आणि बाहेरचा छाप सोडून आतली ओळख वाचली. प्रत्येक एसडी कार्डात सीआयडी नावाची नोंद असते: घडवणाऱ्याचा क्रमांक, मालाचं नाव, अनुक्रमांक, कोणत्या महिन्यात घडवलं ते. त्याच्या संशयित कार्डांत या नोंदी विचित्र निघाल्या. छाप एकाचा, आतलं बोलणं भलत्याचंच. पुढे २०१३ च्या डिसेंबरात हॅम्बुर्गच्या एका परिषदेत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने त्याहून धक्कादायक गोष्ट दाखवली. कार्डातला नियंत्रक हा स्वतः एक छोटा संगणक आहे, आणि काही जातींच्या कार्डांत बाहेरून नवा प्रोग्रॅम घालता येतो. म्हणजे कार्ड फोटो साठवता साठवता त्याची दुसरी प्रत ठेवू शकतं, किंवा मागितलेल्या फाइलऐवजी दुसरीच पुढे करू शकतं. आपल्या बाजारात असं घडतंय असं मी म्हणत नाही. पाकिटावरून ते ओळखता येणार नाही, एवढंच म्हणतो.

भारतात पाकिटावर काय छापायचं याचा कायदा आहे. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, नगांची संख्या, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, सगळं मागतात. खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्याला १९९९ च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कागद भक्कम आहे. पण हा मजकूर पाकिटावर असतो, आणि चिप पहिल्याच दिवशी पाकिटातून निघते. दुसऱ्या दिवशी पाकीट केराच्या टोपलीत, चिप जंगलात.

आता जंगलातल्या चिपबद्दल एक गोष्ट, जी मला सर्वांत जास्त टोचते. ट्रॅप कॅमेरे चोरीला जातात. आपण हळहळतो ते कॅमेऱ्याच्या किमतीसाठी. पण आत कार्ड असतं. प्रत्येक फोटोच्या खालच्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान, कॅमेऱ्याचा क्रमांक. म्हणजे कोणता वाघ कोणत्या वाटेने, साधारण किती वाजता, किती दिवसांनी पुन्हा जातो, याचं महिन्याभराचं वेळापत्रक. त्यात कुणी सोयीसाठी कार्डावर मार्करने कक्ष क्रमांक लिहिलेला असेल तर पत्ताही आला. जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्याजवळ एका आंतरराज्य शिकार टोळीतल्या संशयिताला पकडलं, तेव्हा चंद्रपुरात सगळ्यांच्या तोंडी फासे आणि भाले होते. मी म्हणतो, फासा लावणाऱ्याला वेळापत्रक मिळालं तर? हे कल्पनेतलं भय नव्हे. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या गळ्यातल्या, ठावठिकाणा कळवणाऱ्या पट्ट्याच्या नोंदी ज्या ईमेल खात्यात येत होत्या, त्यात अनोळखी माणसाने शिरायचा प्रयत्न केला होता. तो फसला, कारण त्या दाराला पहारा होता. कार्डाला तोही नाही.

पर्यटकांचंही तसंच. ताडोब्याच्या गाभ्यात मोबाइल नेऊ देत नाहीत, कॅमेरा नेऊ देतात. आजचे बरेच कॅमेरे फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहू शकतात. परतल्यावर माणूस फोटो पुसतो, कार्ड कुणाला तरी देऊन टाकतो किंवा विकतो. पुसणं म्हणजे बहुतेक वेळा नुसती अनुक्रमणिका खोडणं. पानं तशीच असतात. २०१८ मध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या बाजारातून शंभर वापरलेली कार्डं विकत घेतली, तर सुमारे दोनतृतीयांश कार्डांवर आधीच्या मालकाचं काही ना काही सापडलं. त्यासाठी गुप्तहेर लागत नाही. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, आपल्या स्टुडिओवाल्यांना तो पाठ आहे. लग्नाचं शूटिंग चुकून पुसलं की तेच त्यांना वाचवतं.

इथून गडचिरोलीकडे वळतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, आणि नेटवर्क तर ऊन असलं तरी तुटलेलंच असतं. तिकडे इंटरनेट म्हणजे चिप. बाजाराच्या दिवशी मोबाइल दुकानात जायचं, ‘भरून द्या’ म्हणायचं. दुकानदार आपल्या संगणकातून गोंडी गाणी, सिनेमे, वडशाच्या झाडीपट्टी मंडळींची नाटकं, भजनं, जे असेल ते ओततो. कोणतं गाणं कुठून आलं, कुणाला ठाऊक नसतं. देणाऱ्यालाही नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. एरवी यात काही वावगं नाही. पण हा जिल्हा असा, की चिपमध्ये काय आहे या प्रश्नावर माणसाची वर्षंच्या वर्षं गेली आहेत.

अहेरी पोलीस ठाण्यात २०१३ मध्ये नोंदलेल्या गुन्ह्यात प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांवर माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली खटला चालला. पुराव्यांत एक सोळा जीबीचं मेमरी कार्ड होतं. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी शिक्षा सुनावल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी सगळ्यांना निर्दोष सोडलं. खटला चालवायच्या मंजुरीतल्या दोषांसोबत जप्ती आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा सिद्ध झाला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या खटल्याच्या राजकारणात मी आज शिरत नाही. तुमची मतं दोन्हीकडे असतील. मला फक्त पंचनामा दिसतो. पोलीस असो की वनपाल, पंचनाम्यात आपण काय लिहितो? ‘एक नग काळ्या रंगाचे मेमरी कार्ड, त्यावर अमुक कंपनीचे नाव, सोळा जीबी.’ असं कार्ड कारखान्यातून लाखोंनी निघतं. छापावरून ते हेच, असं कुणी म्हणू शकत नाही. म्हणायचं असेल तर आतला सीआयडी लिहावा लागतो, आणि आतल्या मजकुराचं हॅश मूल्य.

हॅश म्हणजे साऱ्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती संख्या पूर्ण बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हे मूल्य भरावं लागतं. वन्यजीव गुन्ह्यालाही हे लागू आहे. शिकाऱ्याच्या मोबाइलमधली चिप जप्त करून कुणी उत्साहाने ‘बघू तरी काय आहे’ म्हणून ती कचेरीतल्या संगणकात घातली, तर संगणक आपल्या सवयीने तिच्यावर काहीबाही लिहितो आणि हॅश तिथेच बदलतो. शिकारी खरा असेल, फोटो खरा असेल, पण पुरावा गेला. आणि मोठ्या कार्डावरची ती खटकी खाली केली होती, हा बचाव कामाचा नाही. कारण मघाशी सांगितलंच.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. कंपन्यांनी चिन्हं कमी करावीत, हे मी इथून सांगून होणार नाही. पण एखाद्या वनपरिक्षेत्राला उद्यापासून जमेल असं काम आहे. खरेदीच्या आदेशात ‘चांगल्या कंपनीचे, क्लास १०’ एवढंच न लिहिता ‘एचसी, बत्तीस जीबी’ असं स्पष्ट लिहावं, आणि आयातदाराचं बिल मागावं. आलेलं प्रत्येक कार्ड जंगलात जाण्याआधी काठोकाठ भरून परत वाचून बघावं. त्यासाठी एफ-थ्री आणि एचटूटेस्टडब्ल्यू हे दोन प्रोग्रॅम फुकट आहेत, आणि नकली क्षमता त्यांच्यापुढे टिकत नाही. सीआयडी वाचून नोंदवहीत उतरवावा. तोही खोटा करता येतो, हे मान्य. पण दोनशे कार्डांत एकच अनुक्रमांक पुन्हा पुन्हा दिसला तर कळेल ना! कार्डावर ठिकाणाचं नाव लिहू नये, फक्त नोंदवहीतला क्रमांक लिहावा, आणि नोंदवही कपाटात ठेवावी.

वेळ किती लागेल? सेकंदाला वीस मेगाबाइटने बत्तीस जीबी लिहायला अर्धा तास, वाचायला त्याहून कमी. शंभर ठिकाणांची दोनशे कार्डं धरली तर एका संगणकावर दीडशे तास होतात. चार संगणक लावले तर आठवडाभराचं काम. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा पर्यटकांना बंद असतो. त्या दिवसांत कॉलेजची मुलं मोकळी असली तर त्यांना बोलवा, मी त्यांना अर्ध्या दिवसात शिकवून देतो. टेबलावरची पाकिटं मात्र परत ठेवा. त्यातली दोन नकली आहेत. कोणती ती शोधून सांगा, मी इथेच बसलो आहे.